खांड बुजवताना

लग्न होऊन मला दोन वर्षं झाली होती. सासर मानोऱ्याच्या अलीकडचं एक लहान गाव. गावाच्या वर जुनं तळं होतं, पण नावालाच. कधीकाळी लोकांनी त्याची पाळ एका जागी फोडली होती. त्या खांडीतून पावसाचं पाणी निघून जायचं आणि दिवाळीपर्यंत तळ्याचं पोट मोकळं व्हायचं. तिथल्या ओल्या गाळात पाच-सहा घरं हरभरा पेरत. त्यातलं एक आमचं. दुसरं वावर आम्हाला नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळात गावातल्या विहिरी आटल्या. सरकारी काम निघालं : तळ्यातला गाळ काढायचा आणि खांड बुजवायची. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनीच मला कामावर पाठवलं. घरात दाणा नव्हता आणि कामावर सुकडी मिळायची. काही दिवस मी गाळ वाहिला. मग मुकादमाने आमची टोळी खांडीवर लावली.

त्या संध्याकाळी मामाजी जेवले नाहीत. "आपल्याच वावरात पाणी भरून राह्यली तू," एवढंच म्हणाले.

"मंग उद्यापासून नाई जात," मी दाराआडून म्हणाले.

"न जाऊन खाशीन काय?"

नवरा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी किती तरी वेळ त्याच्या पाठीकडे पाहिलं. तो हलला नाही. सकाळी मी उठले आणि टोपलं घेऊन निघाले. त्यानंतर घरात माझ्याशी कोणी धड बोलेना.

खांड निम्मी भरली तेव्हा एक दिवस मामाजी आले आणि सरळ आत उतरून ओल्या मातीत मांडी घालून बसले. मुकादमाने काम थांबवलं. मला म्हणाला, "तुह्या सासऱ्याले तूच समजाव, बाई."

रांगेत मी सगळ्यांत पुढे होते. मागे बाया टोपली डोक्यावर घेऊन उभ्या होत्या. परत फिरायला वाट नव्हती. मी पदर पुढे ओढला.

"मामाजी, उठा. साऱ्या गावाच्या इहिरी कोरड्या पडल्या."

"मले माहीत हाय. टाक माती. माह्या अंगावर टाक."

माझी मान दुखत होती. मी त्यांच्यापासून हातभर लांब टोपलं रिकामं केलं आणि बाजूला झाले. मागचीने तिथंच टाकलं. दुपारपर्यंत चिकण माती त्यांच्या मांड्यांवर चढली. ते उठायला गेले तर पाय निघेनात. मी हात पुढे केला. त्यांनी मुकादमाचा धरला आणि ते चिखलाच्या पायांनी घरी गेले.

पुढच्या पावसाळ्यात तळं काठोकाठ भरलं. विहिरींना पाणी आलं. दोन-तीन वर्षांत काठाला लव्हाळा दाटला, हिवाळ्यात रानबदकं उतरू लागली. लोक कौतुकाने पाहायला जात. मी कधी गेले नाही. आमचं वावर त्याच पाण्याखाली होतं आणि हिवाळा आला की आम्ही दोघं नवराबायको ऊसतोडीला जात होतो.

मामाजी मी भरलेलं पाणी प्यायचे. पण 'पाणी दे' असं मला पुन्हा कधी म्हणाले नाहीत. तांब्या रिकामा झाला की उंबऱ्यावर ठेवायचे. मी तो भरून परत तिथंच ठेवायचे.