डोंबारीसाठी सोडलेला तुकडा

डिझेलचा वास आला की आटपाडीकडचा आमचा माळ आठवतो. डाळिंब लावायचं म्हणून दीर ट्रॅक्टरने नांगरत येत होते, आणि पुढे ढेकळाच्या आडोशाला, जमिनीवरच, डोंबारी पक्ष्याचं वाटीएवढं घरटं होतं. आत दोन उघडीबोडकी पिल्लं. वर नर पंख मिटून दगडासारखा खाली पडायचा आणि जमीन जवळ येताच शीळ घालत पुन्हा चढायचा. मी ट्रॅक्टरपुढे उभी राहिले. "आवं वहिनी, चिमणीपायी रान पडीक ठेवायचं व्हय?" दीर ओरडले. "भावजी, नांगर माझ्यावरनं न्या, न्हाईतर वळवा." त्यांनी शिव्या पुटपुटत वळवला. पिल्लं उडाली, तरी तो तुकडा मी आजवर नांगरू दिलेला नाही. दीर दर हंगामाला विचारतात; मी दर हंगामाला नाही म्हणते.