काकवीतलं अंडं

आजवर हे कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आईला जुलाब लागले, तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत मी अंथुर्ण्यात घरी होतो. आमच्या ऊसपट्ट्यात दारी आलेल्याला गूळपाणी, आजाऱ्यालाही गूळपाणी. जेवढं दाट तेवढी माया. मी ढेकळंच्या ढेकळं विरघळवून तिला पाजत राहिलो, मीठ मात्र चिमूटभरही घातलं नाही. जुलाब वाढतच गेले. दवाखाना गाठेपर्यंत आई गेली... पेशींच्या रसायनाचा धडा तेव्हा मला तोंडपाठ होता.

तांबोळी मॅडम गेल्या, म्हणून आज हे लिहितोय. त्यांच्या मुलाचा भिगवणहून फोन आला, तेव्हा मी प्रयोगशाळेतच होतो. बारामतीच्या नर्सिंग कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया हा विषय आम्ही दोघं मिळून शिकवायचो. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांचा तास बघायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. व्हिनेगरमध्ये कवच विरघळवलेलं, नुसत्या पापुद्र्यातलं अंडं त्यांनी आदल्या दिवशी काकवीत बुडवून ठेवलं होतं. बाहेर काढलं तर सुरकुतलेलं, लिबलिबीत. एक पोरगी म्हणाली, "मॅडम, आता आम्लेट?" "आधी पेशी, मग आम्लेट!" मग त्यांनी अंडं तळहातावर धरलं. "बघा गं, पाणी दाट बाजूला पळतं. जुलाबात नुसतं दाट गोड पाजलं, की अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. साखर बेतानं हवी, सोबत चिमूट मीठ हवं. ती दोघं जोडीनं पेशीत शिरतात आणि पाण्याला आत घेऊन जातात." मी उठून बाहेर गेलो. पुढच्या वर्षी त्यांनी कारण न विचारताच सांगून टाकलं, "हा तास माझा, सर. तुमी हाडं घ्या." तेव्हापासून दरवर्षी तसंच चाललं.

शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. "यंदा अंडं तुमीच बुडवा."

"दुसरं कुणी घेईल, मॅडम."

"काकवीला भिणारा ऊसवाला पहिल्यांदाच बघतीय मी!" त्या हसल्या, मग खोकल्या. जरा दम घेऊन म्हणाल्या, "सर, ह्या पोरी उद्या गावोगाव कुणाच्या तरी आईला पाणी पाजणार हायत. नीट पाजू द्या त्यांना."

'कुणाच्या तरी आईला'... त्यांना कळलं होतं का? तेव्हाच सांगायला हवं होतं. मी चहा संपवला, कप ठेवला आणि निघालो.

त्यांची रुंद तोंडाची बरणी प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. तळाशी काकवीचं तपकिरी वर्तुळ उमटलंय, घासूनही जात नाही. आज शनिवार. सकाळी अंडी आणून व्हिनेगरमध्ये ठेवलीत, कवचावर बारीक बुडबुडे यायला लागलेत. उद्या त्याच बरणीत काकवी ओतीन. सोमवारी अंडं माझ्या तळहातावर असेल, आणि आईला मी काय पाजलं ते पोरींना आधी सांगीन. मॅडमना ते सांगायचं राहून गेलं. हा एक तास मी त्यांना देणं लागतो.