तपकिरी पेशींची मोजणी

मला मोजायला आवडतं. ही फोडणीतली मोहरीही मोजेल, अशी घरचे चेष्टा करतात. करू देत. वर्ध्याच्या दवाखान्यात मला पगार त्याचाच मिळतो. मेंदूतल्या गाठीचा तुकडा आला की त्याचा पातळ काप काचेवर घेऊन आम्ही त्याला एक खास रंग देतो. वाढीला लागलेल्या पेशी तपकिरी होतात, बाकीच्या निळ्या राहतात. शंभरात तपकिरी किती, एवढंच पाहायचं.

आमची रीत अशी, की मी आणि माझी मैत्रीण, दोघी डॉक्टर, एकच काच वेगवेगळी मोजतो आणि आकडा आधी फोडत नाही.

एकदा अल्लीपूरला किराणा दुकान चालवणाऱ्या एका बाईंची गाठ आली. ऑपरेशन होऊन त्या वॉर्डात होत्या. तपकिरी पेशी जास्त निघाल्या तर डोक्याला रेडिएशनचा शेक घ्यावा लागणार होता, कमी निघाल्या तर सरळ घरी. दोघींनी आकडे सांगितले. माझा अगदी थोडा, तिचा त्याच्या कितीतरी पट.

"झोपेत मोजलं का गं?" तिने विचारलं.

"अन् तू काऊन एवढ्या मोजल्या?" मी चिडलेच.

हातच्या काकणाला आरसा कशाला? दोघींना एकदम पाहता येतं त्या सूक्ष्मदर्शकापाशी बसलो. तिने दाखवलेल्या तपकिरी पेशी बारक्या, गोल, रक्तवाहिनीभोवती गोळा झालेल्या होत्या. त्या गाठीच्या नव्हत्याच. शरीराने गाठीशी झुंजायला धाडलेल्या पेशी होत्या. त्याही तोच रंग घेतात.

"अगं, ही तर पाहुणे मंडळी! तू घरच्यांत धरलीस."

तिने त्या गोल पेशी पुन्हा एकेक करून न्याहाळल्या, मग हसली. पुन्हा वेगवेगळं मोजलं, आणि या वेळी जुळलं. माझ्या जिवात जीव आला. जिंकल्याचा आनंदही झाला, तो कशाला लपवू?

सर्जननी बाईंना घरी जायला सांगितलं. निघताना त्या डोक्याला रुमाल बांधून आमच्या दाराशी आल्या. मागे पिशव्या घेतलेला नवरा.

"मॅडम, माही गाठ पाहू द्या ना. लय छळलं तिनं मले."

असं कोणी मागत नाही. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाहुणे नसलेला भाग समोर लावून दिला, निळ्या-तपकिरीचा अर्थ सांगितला. त्या डोळे लावून शोधू लागल्या.

"चाल ना, बस निघून जाईन," नवरा म्हणाला.

"थांबा हो. तपकिरी सापडूनच नाई राह्यली."

"सापडत नाही," मी म्हटलं, "म्हणून तर घरी चाललात."

त्यांनी डोळे वर केले. ते भरून आले होते. नवऱ्याने पिशव्या खाली ठेवल्या.

"सरक," तो म्हणाला. "मले बी पाहू दे. बस जाऊ दे."