मालडब्यातला खरा कापूस

प्रदर्शनाच्या आदल्या दिवसापर्यंत मी बायकोशी भांडत होतो, आणि भांडण कापसावरून होतं.

आमच्या भागातली छोटी रेल्वे बंद पडून बरीच वर्षं झाली. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाणारी, अरुंद रुळांची, सायकलवाल्यानेही मागे टाकावं अशी. घराच्या मागच्या खोलीत मी तिचा छोटा, चालता देखावा उभा केला होता. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकऱ्यांच्या जळलेल्या पंपाच्या मोटारी नव्या तारेने भरून देणं हा माझा धंदा, त्यामुळे इंजिनातली इवलीशी मोटार हा माझ्या डाव्या हातचा मळ होता. पितळी पट्ट्या डाग देऊन जोडल्या आणि रूळ केले. आइसक्रीमच्या काड्यांचे स्लीपर, शेतातली खरी काळी माती चाळून केलेली जमीन, रंगवलेल्या स्पंजचे पळस. आणि उघड्या मालडब्यांत मेहुण्याच्या शेतातला कापूस.

"खरा कापूस नका टाकू," बायको म्हणाली होती. "उडते तो. टाकाचाच असन तं वरून डिंक लावा."

"डिंक लावून त्याचा गोळा होते. मी कापसाच्या जिल्ह्यातला माणूस आहे, मले कापूस शिकवू नको."

असा माझा स्वभाव. राग नाकावर आणि बाकी सगळं त्याच्या मागे.

पण खरं भांडण त्या खोलीचं होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला नागपूरहून घरी यायची होती आणि आमच्याकडे रिकामी करण्यासारखी तेवढीच खोली. बायकोने सरळ सांगून टाकलं, "एक तं थे गाडी राहीन, नाई तं पोरीची खाट." तिचं काही चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त राग येत होता. दुकानात मोटारींमुळे पाय ठेवायला जागा नाही. गच्चीवर देखावा ठेवला तर पहिल्याच पावसात त्याच्या खालचं प्लायवूड फुगणार. देखाव्याला दुसरं घर मिळालं नाही, तर तो मोडायचा, एवढाच अर्थ होता.

घर मिळायची एकच आशा होती. शहरातल्या एका जुन्या वाचनालयाने बालविभागासाठी तो मागितला होता. मात्र त्यांच्या अध्यक्ष बाईंनी, त्या पूर्वी मुख्याध्यापिका होत्या, फोनवर बजावलं होतं, "आम्ही प्रदर्शनात येऊन बघतो. बिनतक्रार चालत असेल तर नेतो. बंद पडणारी खेळणी आमच्याकडे कपाटभर आहेत."

छंदांचं प्रदर्शन भरलं त्या सभागृहात माझं टेबल जुन्या नाण्यांच्या आणि बोन्सायच्या मधोमध आलं. सकाळपासून गाडी सुरेख पळत होती. लोक वाकून बघत, जुनी माणसं स्टेशनाची नावं घेत. बायको खुर्चीवर पिशवी मांडीत धरून बसली होती. देखावा इथून कुठे जाणार याची तिलाही काळजी होती की नव्हती, मला कळायला मार्ग नव्हता.

दुपारी ऊन तापलं आणि कोणीतरी छताचे सगळे पंखे जोरात सोडले.

त्यानंतर गाडीचा आवाज बदलला. बाकीच्यांना काही कळलं नसतं, पण माझं सगळं आयुष्य मोटारींचे आवाज ऐकण्यात गेलंय. मोटार कष्टाने ओढत होती. मी वाकून पाहिलं. रुळांवर कापसाचे बारीक तंतू लोळत होते आणि गाडी ते गोळा करत चालली होती. मी गाडी थांबवायला हात पुढे केला, तेवढ्यात मागून आवाज आला, "हीच का ती?"

अध्यक्ष बाई आणि त्यांच्या बरोबर समितीचे दोन गृहस्थ. एकाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. "एक फेरी दाखवा. पूर्ण."

आता थांबवली तर ते थांबणंच दिसणार होतं. मी चालू ठेवली. बोगदा नाही, पूल आहे, हे स्टेशन अमुक, मी काय बडबडत होतो मला आठवत नाही. नजर इंजिनाच्या चाकांवर होती. पुलावरून गाडी गेली. स्टेशन गेलं. पुढे फाटक आणि फाटकाच्या अलीकडे चढ. तिथेच मोटारीवर खरा भार येतो.

चढावर इंजिन घुरघुरलं आणि थांबलं.

मी वीज तोडली. तारेवरचं वार्निश तापल्याचा वास येत होता, जळल्याचा अजून नव्हता. तार जळली असती तर सगळंच संपलं होतं.

"का थांबली?" घड्याळवाल्याने विचारलं.

मी खिसे चाचपू लागलो, चिमटा सापडेना.

"थांबीनच नं," मागून बायको म्हणाली. ती कधी उठली होती मला कळलंच नाही. "फाटक लावा लागते नं पयले."

ती टेबलाच्या पुढे आली आणि पाहुण्यांच्या आणि इंजिनाच्या बरोबर मधे उभी राहिली. एका बोटाने तिने फाटकाचा दांडा खाली केला. दुसरा हात पाठीमागे आला. त्यात माझा चिमटा होता.

चिमटा घेऊन मी तिच्या पदराआड वाकलो. आसाभोवती कापूस दोऱ्यासारखा पिळून बसला होता. ओढला की तुटायचा आणि उरलेला आणखी आत जायचा. घामाने बोटं निसटत होती. वर तिचं बोलणं चालू होतं.

"माह्यं माहेर या फाटकापाशीच हाये. तिथं टेशन नोयतं. गाडी थांबे, एक जण उतरून फाटक लावे, गाडी पलीकडं जाऊन पुन्हा थांबे. मंग तो फाटक खोलून पयत येऊन चढे. तेवढ्या वेळात आमच्या गावचे लोकं बसून घेत."

चिमट्यात एक मोठा गुंता आला. अजून एक चाक बाकी होतं.

"लग्न झाल्यावर मीबी अशीच बसली होती. बाबा फाटकाचा दांडा धरून उभे होते. गाडी शिट्ट्या देऊन राह्यली, तरी ते काही सोडेतना. तिकडं बैलगाड्या खोळंबल्या, लोकं वरडून राह्यले, फाटकवाला हात जोडून राह्यला, आन् बाबा आपले दांडा धरूनच. मी खिडकीतून पायत होती."

माझा हात थांबला. त्याच डब्यात मी तिच्या शेजारी बसलो होतो. गाडी उशिरा का सुटली म्हणून चिडलो होतो, एवढंच माझ्या लक्षात होतं. चार वर्षं खपून केलेल्या देखाव्यात मी तो दांडा घासूनपुसून बसवला आणि ती रोज त्याच्याजवळून झाडू फिरवत होती. मला फार वाईट वाटलं. शेवटचा तंतू ओढताना डोळ्यांपुढे नीट दिसत नव्हतं.

मी हळूच तिच्या कोपराला स्पर्श केला. ती बाजूला झाली.

वीज दिली. इंजिन जरा थरथरलं, मग चढ चढून फाटक ओलांडून गेलं. तिथे मी स्वतःहून गाडी थांबवली. बायकोने दांडा वर केला. गाडी पुन्हा निघाली आणि फेरी पूर्ण करून स्टेशनात आली.

घड्याळवाले गृहस्थ म्हणाले, "पण हे मधेच थांबणं... पोरांना कंटाळा येईल. ते काढता येईल का?"

माझं डोकं सणकलं. आता घर मिळो न मिळो, तोंडावर आलेलं मी बोलून टाकणारच होतो. पण अध्यक्ष बाईच म्हणाल्या, "नाही. थांबलीच पाहिजे." मग माझ्या मुठीतून बाहेर डोकावणाऱ्या कापसाच्या गुंत्याकडे त्यांनी नीट पाहिलं. मुख्याध्यापिकेची नजर. माझे कान तापले. त्या एवढंच म्हणाल्या, "दर रविवारी चालवायला कोणी यावं लागेल."

"मी येईन," मी म्हणालो.

"तुमचे हात तर बटणावर. फाटक कोण लावणार?"

मी बायकोकडे पाहिलं नाही. तिला ती खोली रिकामी हवी होती आणि आता ती मिळाली होती. तिने आणखी काही द्यावं, असं म्हणायला मला तोंड नव्हतं.

"मी लावीन," ती म्हणाली. "नातू झाला का त्यालेबी घेऊन येईन."

मग पिशवी उघडून तिने डिंकाची बाटली काढली आणि माझ्यासमोर ठेवली. घरूनच आणली होती.