लिस्बनला नोंदलेली गोलकीपर

मामलेदार कचेरीत मी तीस वर्षं कागद लावले. निवृत्त झाले तरी गोव्यातल्या आमच्या हळर्ण गावातला माणूस आधी आमच्याच सोप्यावर येतो. जन्मदाखला, नावातली चूक, काहीही. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. बाईंनी बांधलेली फाइल परत येत नाही, असं लोक म्हणतात आणि मी मुकाट्यानं ऐकून घेते. एक फाइल मात्र अशी बांधली, की आठवली तरी स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

आमचे बाबा पोर्तुगीज अमलात जन्मलेले. अशा माणसाचा जन्म लिस्बनच्या वहीत नोंदवता येतो, मग त्याच्या मुलाचा, मग नातवंडांचा, आणि शेवटी तिथला पासपोर्ट हातात पडतो. गावोगाव हे सुरू झालं तेव्हा मी मागे राहते होय? धाकट्या भावाचे कागद केले. तो त्या पासपोर्टावर विलायतेला गेला, पावाच्या कारखान्यात दोन हिवाळे काढले आणि "माका थंय जमूक नाय" म्हणत परत येऊन दुकानात बसला. त्याच्याबरोबर मी त्याच्या मुलीचाही पासपोर्ट काढून टाकला होता. ती तेव्हा नऊ वर्षांची. वहिनी म्हणाली, "तिका कित्याक?" मी म्हटलं, "पडून राहिला तर काय खायला मागतो?"

तो कपाटात पडून राहिला, माझ्या पैठणीखाली. पोरगी कधी देशाबाहेर गेली नाही. पण कायद्यानं ती परदेशी झाली आणि आपल्याच घरात राहायला तिला वेगळं कार्ड लागलं. तेही मीच काढलं, ऐटीत.

ह्या पोरीला फुटबॉलचं वेड. भात कापून शेतं मोकळी झाली की मुलं तिथे खेळायची. ही सगळ्यांत उंच, म्हणून तिला गोलात उभी केली, ती तिथून हललीच नाही. हात मोडून घेशील गो, म्हणून मी ओरडायचे. पुढे म्हापशाच्या एका क्लबानं तिला घेतली. तिथवर आधार कार्डावर भागलं. मी प्रत्येक मॅचला जायचे. तिनं पहिली पेनल्टी अडवली तेव्हा मी चक्क रडले, आणि शेजारच्याला सांगितलं की डोळ्यांत धूळ गेली.

गेल्या वर्षी ती धावतच आली. "आत्ये, इंडियाच्या कॅम्पाक माजा नाव इला." भावानं दुकान बंद केलं, वहिनीनं देवापुढे नारळ ठेवला. पोरगी फोनवरून कागदांची यादी मोठ्यानं वाचत होती. त्यात भारतीय पासपोर्ट होता. सगळे आनंदात, मी मात्र तिच्या हातातून फोन घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की आपल्याकडचं संपतं, आणि देशाच्या संघातून त्या देशाचा नागरिकच खेळतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांना समजावून सांगण्याइतकं ठाऊक होतं.

तरी तिला घेऊन पणजीला फुटबॉल संघटनेच्या कचेरीत गेले. तिथला माणूस भला होता. तिचं ते वेगळं कार्ड त्यानं दोनदा उलटून पाहिलं. म्हणाला, "ही पोर्तुगालकडून खेळू शकते. आपल्याकडून नाही."

माझं डोकं सणकलं. "अहो, पोर्तुगाल कसलं, हिनं मुंबईसुद्धा धड बघितलेली नाही."

"बाई, नियम मी केलेला नाही."

हेच वाक्य मी खिडकीआडून किती जणांना ऐकवलं होतं.

परतीच्या बसमध्ये ती कोलवाळच्या पुलापर्यंत खिडकीला डोकं टेकून बसली होती. मला ते सोसवेना. म्हटलं, "रागाव गो माझ्यावर. दोन शिव्या दे हवं तर."

"रागावलंच आसंय," ती बाहेर बघत म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "पण परत इंडियन व्हायचे कागद तुझ्याशिवाय कोण करतला?"

त्याच संध्याकाळी आम्ही मेजावर फॉर्म पसरला. पोर्तुगालचं सोडायचं, भारताचं मागायचं. किती महिने लागतील कुणी सांगत नाही. तोवर तिच्या जागी दुसरी गोलकीपर उभी राहणार, आणि ती चांगली निघाली तर हिला पुन्हा कोण बोलावणार? मी हे बोलले नाही, पण तिला कळत होतं. ती बोटांवरची चिकटपट्टी सोलत होती.

एका रकान्यापाशी माझं पेन थांबलं. भारतात प्रथम आल्याची तारीख.

"काय लिहू गो?"

"माजो जन्म खंय झालो?"

"पेडण्याच्या दवाखान्यात. मीच होते तिथे. नर्सनं तुला आधी माझ्याच हातात दिली."

"मगे ती तारीख घाल," ती म्हणाली.

मी ती घातली.