कानबाईंचा निरंक तक्ता

सरकारी कचेरीत बसून आठ तास रेडिओ ऐकायचा आणि वर त्याचा पगार घ्यायचा, अशी नोकरी कुणाला मिळालीय का सांगा! कानबाईंना मिळाली होती. कानाला थोरले हेडफोन, समोर छापील तक्ता. कुठल्या केंद्राने कुठला नियम मोडला, ते त्यात लिहायचं. वीस वर्षं बाईंनी एकच शब्द लिहिला: निरंक. म्हणजे काही नाही. घरी नवऱ्याची हाक मात्र या कानांना कधी ऐकू यायची नाही हं!

मग नवे साहेब आले. आवाज लोण्यासारखा.

“बाई, पाच केंद्रं दिवसभर बडबडतात आणि चूक एकही नाही? मग चूक ऐकणाऱ्याची असणार. आठवड्याला एक तरी सापडू द्या.”

पण बाई बिलंदर. त्यांनी शोधून शोधून अगदी बिनविषारी चूक काढली: स्टेशनाजवळच्या केंद्राने वेळ चार सेकंद उशिरा सांगितली. “चार सेकंदांनी कुणाचं काय जातंय!” असं म्हणून हसल्यासुद्धा.

सोमवारी रेडिओचा काटा त्या केंद्रावर नेला, तर नुसती खरखर. परवाना रद्द.

पुढच्या आठवड्यात त्यांनी आणखी बारीक शोधलं: बातम्या देताना निवेदिका शिंकली. तेही केंद्र गेलं. महिन्याभरात उरलं एकच. आणि त्यावर दुपारी तीनला श्रोत्यांची पत्रं वाचणारा वाचाळ म्हणजे बाईंचा सख्खा भाचा.

रविवारी तो जेवायला आला. “आत्या, आता गावभर मीच मी! काल एकानं लिहिलं, बाकीची केंद्रं कुठं गेली? मी म्हटलं, झोपली असतील!”

“मेल्या, पत्रं नुसती वाच ना. मध्ये तुझा चावटपणा कशाला?”

“अगंबाई! तू तर एखाद्या सरकारी साहेबासारखं बोलायला लागलीस.”

बाईंनी हातातला घास ताटात परत ठेवला.

शुक्रवारी तक्ता द्यायचा होता. बाईंनी दोन वाजताच ‘निरंक’ लिहिलं, सही ठोकली आणि कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. नोकरी गेली तर गेली, घरी बसून नवऱ्याचं डोकं खाऊ.

साहेबांनी कागद वाचला. चिडले नाहीत. उठून बाईंच्या मागोमाग आले, शेजारी खुर्ची ओढली आणि यंत्राच्या दुसऱ्या भोकात आपला हेडफोन खुपसला.

“घाई कशाला, बाई? आज दोघं मिळून ऐकू. तीनला लागतो ना तुमचा भाचा?”

हे नातं बाईंनी कचेरीत कुणालाही, अगदी चहावाल्यालासुद्धा, सांगितलं नव्हतं.

तीन वाजले. “मंडळी, आज तर पत्रांचा ढीग पडलाय!” भाचा कानात खळखळून हसला. साहेबही गालात हसले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.