पेटीशिवाय धवला

ठाण्याजवळच्या पूर्णा गावात पार्वतीबाईंच्या धवल्याशिवाय कुणाला हळद लागत नसे. मंडपात कितीही मोठा डीजे आणा, धवलारीण आधी गाण्यातून देवांना लग्नाचं बोलावणं धाडणार, मगच हळदीची वाटी पुढे येणार. शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, तरी पार्वतीबाईंचा मान तसाच राहिला. आवाज असा खणखणीत, की कंटेनरचा हॉर्नही त्यांच्यापुढे दबून वाजे.

तो आवाज दिवाळीनंतर बसला. आलं झालं, ज्येष्ठमध झालं. शेवटी मुलगा हितेश आपल्या गोदामाला कुलूप लावून त्यांना गाडीत घालून ठाण्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. घशात कॅन्सर निघाला.

"आजी, आवाजाची पेटी काढावी लागेल," डॉक्टर मॅडम म्हणाल्या.

"काढा की," पार्वतीबाई घोगऱ्या आवाजात लगेच म्हणाल्या. "मना पेटी लागतच न्हाय. धवला काय कोनी पेटीवर म्हनते?"

हितेशला हसावं की रडावं कळेना. "आई, वाजवायची पेटी न्हाय गं. गल्यातली. ती काढली का आवाज गेला."

पार्वतीबाईंचा हात गळ्यावर गेला. "आनि न काढली तं?"

दुसरा मार्ग होता शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा, सोबत औषधांच्या सलाइनचा. त्यात पेटी वाचू शकत होती. पण आजार उलटण्याची भीती जास्त, आणि उलटला तर शेकलेल्या गळ्याचं ऑपरेशन अवघड. "माझा सल्ला ऑपरेशनचा," मॅडम म्हणाल्या. "नंतर यंत्र लावून बोलता येतं."

"यंत्रावर धवला म्हनता येल?"

"गाणं नाही जमणार, आजी."

घरी आल्यावर हितेशने हट्ट धरला. "तू मुकी चालशील मना, पन तू पायजेस."

"मुकी झाल्यावर तुला शिव्या कोन देल?"

"खुणेनं दे."

"खुणेची शिवी लागत न्हाय रं."

"आई, धवला तुज्या जिवापेक्षा मोठा हाय?"

"मोठा न्हाय. मराची भीती मना पन हाय, खोटं कशाला बोलू? पन धवला गेला तं मी कोन? तुज्या गोदामाची वाचमन?"

मग मायलेकांत सौदा ठरला. शेक घ्यायचा, एकही तपासणी चुकवायची नाही, आणि आजार उलटला तर पेटी मुकाट्याने देऊन टाकायची.

"तवा रडाचं न्हाय," पार्वतीबाईंनी बजावलं.

"तू?"

"मी कशाला? तू!"

शेकाने गळा आतून सोलून निघाला. नुसत्या पेजेवर दिवस गेले. पुढच्या तपासण्या चांगल्या आल्या, तरी मॅडमनी पाळत सोडली नाही. वैशाखात नात उन्नतीची हळद निघाली. पार्वतीबाई पाटासमोर बसल्या. हितेश खांबाला टेकून उभा.

आवाज आला. जाड, मध्येच फाटणारा, पण आला. डीजेवाल्याला वाटलं, म्हातारी घसा साफ करतेय. त्याने धाडकन गाणं लावलं.

"ए मेल्या!" पार्वतीबाई कडाडल्या. "बंद कर तुजी पेटी! माजी चालू हाय!"

मंडपात सगळ्यांत आधी हितेश हसला, डोळे पुसत. पार्वतीबाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले आणि धवला पुन्हा पहिल्यापासून धरला.